सालोमालो, आठवले आणि यंत्र : नाममुद्रेचा प्रश्न

साहित्यातील उसनवारी हा विषय मराठीला नवा नाही, आणि उर्दूला तर मुळीच नाही. तरीही २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून 'हे लिहिले कोणी?' हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये जितक्या वेळा विचारला जातो, तितका तो पूर्वी कधी विचारला गेला नसेल. या प्रश्नाची चर्चा बहुधा संगणकतज्ज्ञ करतात किंवा वकील करतात. भाषेचे अध्यापक मात्र कॉपी पकडण्यापुरतेच तिच्यात उतरतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न साहित्याच्या अंगाने पाहावयाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुराला चोरी म्हणावे, अनुकरण म्हणावे की आणखी काही, हे ठरविण्यासाठी आपल्या दोन्ही परंपरांमध्ये पुरेसे दाखले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला दाखला देहूचा. संत तुकारामांच्या हयातीतच त्यांचे अभंग घेऊन, त्यांतील 'तुका' काढून स्वतःचे नाव घालणारे लोक होते. परंपरेने त्यांचे नाव सालोमालो असे सांगितले आहे. गाथेत सालोमालोंवर रोष व्यक्त करणारे अभंग आहेत. दुसऱ्याची वचने मोडून ती आपली म्हणून मिरवणाऱ्यांविषयीची ती तक्रार आहे. येथे वाचकाला एक विसंगती जाणवेल. आपण बोलत नाही, पांडुरंग आपल्या मुखातून बोलतो, अशी ज्या कवीची भूमिका, त्याने शब्दांच्या मालकीवरून रागवावे कशासाठी? आपले काही नाहीच म्हणणाऱ्याचे चोरीला तरी काय गेले?

या विसंगतीचे उत्तर रामेश्वर भटांच्या प्रकरणात सापडते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या. परंपरा सांगते की त्यानंतर ते तेरा दिवस अन्नपाण्याविना नदीकाठी बसले. शूद्राने वेदार्थ बोलावा कसा, या आरोपाला तोंड द्यावे लागले ते 'तुका' या नावाच्या माणसाला. सालोमालोला कुणी नदीवर नेले नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणातील ते नाव सातबाऱ्यावरील नावासारखे नव्हते, जामीनदाराच्या सहीसारखे होते. जे बोललो त्याला मी उत्तरदायी आहे, एवढाच त्या दोन अक्षरांचा अर्थ. सालोमालोने सही पुसली, अभंगावरचा मान घेतला आणि जबाबदारी देहूतल्या त्या वाण्यावर सोडून दिली. तुकोबांचा राग मालमत्तेसाठी नव्हता, हे असे पाहिले म्हणजे उलगडते.

दुसरा दाखला तुलनेने अलीकडचा आहे आणि आपल्या विषयाला तो अधिक जवळचा आहे. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा चित्रपट १९३६ साली आला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. (एका मुसलमान दिग्दर्शकाने वारकरी संताचा चित्रपट करावा, यात त्या काळी कुणाला वावगे वाटले नाही. आज हे मुद्दाम सांगावे लागते.) १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटात गाथेतील अभंग आहेत, पण बी आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावरचे जे पद घराघरांत पोहोचले, ते तुकोबांचे नाही. ते शांताराम आठवले या तरुण गीतकाराने चित्रपटासाठी लिहिले. ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की रसिकांनी ते तुकोबांचेच मानले आणि जाणत्यांनीही ते गाथेत शोधले. आजही कीर्तनाच्या फडात ते तुकोबांचे म्हणून गाणारे भेटतात.

मग आठवलेही सालोमालोच काय? तसे कोणी म्हणणार नाही. सालोमालोने ओळ घेतली आणि नाव बदलले. आठवल्यांनी ओळ घेतली नाही, त्यांनी गाथा पचविली आणि तिच्या रसातून नवे पद काढले. आणि एक बारीक गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. त्या पदाच्या शेवटी 'तुका म्हणे' नाही. तुकारामांच्याच तोंडी घालावयाचे पद, तुकारामांचाच चित्रपट, पडद्यावर गाणारे तुकारामच, तरीही आठवल्यांनी त्यांची सही केली नाही. ती नंतर लोकांनी मनाने केली. अनुकरण कोठवर करावे आणि कोठे थांबावे, याचा इतका नेमका धडा मराठीत दुसरा मला आढळलेला नाही.

आता यंत्राकडे वळू. हे यंत्र काय करते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. काहींना वाटते की ते कोठून तरी तयार मजकूर उचलून आणते, तर काहींना वाटते की ते विचार करून लिहिते. वास्तविक, कोट्यवधी पानांचा मजकूर त्याला दाखविलेला असतो. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे अंदाज त्यातून बांधलेले असतात आणि त्या अंदाजांवर ते एकेक तुकडा जोडीत जाते. एखादी वारंवार छापली गेलेली ओळ त्यातून जशीच्या तशी बाहेर पडू शकते, पण एरवी बाहेर पडते ते कुणा एकाचे नसलेले वाक्य. या यंत्रांच्या कंपन्यांचा युक्तिवाद असा की आमचे यंत्र सालोमालो नाही, ते आठवले आहे. वाचते, पचविते, नवे लिहिते. हा युक्तिवाद वरवर नाकारण्याजोगा नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजने असे मांडले की आशय हा सर्वांसाठी रस्त्यावर पडलेला असतो, कवीचे श्रेय त्याच्या शब्दरचनेत असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात जवळपास तेच सांगितले. कल्पनेवर कुणाचा हक्क नाही, हक्क तिच्या अभिव्यक्तीवर आहे. शैली तर कुणाच्याच मालकीची नाही. ती असती तर अर्धी मराठी कविता बेकायदा ठरली असती.

तरीही हा युक्तिवाद टिकत नाही. का ते पाहण्यासाठी प्रस्तुत लेखकाने यंत्राला तुकारामांच्या शैलीत एक अभंग रचण्यास सांगितले. विठ्ठल, पंढरी, चंद्रभागा, नामस्मरण, सर्व साहित्य जागच्या जागी आले. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा हिशेब मात्र दुसऱ्याच चरणात चुकला. पण ती त्रुटी आज ना उद्या दूर होईल, तिच्यावर टीका उभारणे व्यर्थ आहे. महत्त्वाचे ते निराळेच. त्या अभंगात कुणावर राग नव्हता. गाथेतील तुकोबा भांडतात, देवाला बोल लावतात, दांभिकांना शिव्या देतात. वाण्याच्या दुकानातले माप, कर्ज, खत, दिवाळे हे शब्द त्यांच्या तोंडी येतात ते दिवाळे अनुभवले म्हणून. यंत्राने हे सर्व गाळून सरासरी काढली, आणि तुकोबांची सरासरी काढली की उरतो तो कॅलेंडरवरचा संत. आणि एवढे करून शेवटच्या चरणात त्याने बेधडक 'तुका म्हणे' लिहिले. जेथे आठवले थांबले तेथे यंत्र थांबले नाही. त्याला थांबण्याचे कारणच नव्हते, कारण त्याला इंद्रायणीवर कोणी नेणार नाही.

म्हणून हे यंत्र सालोमालोही नाही आणि आठवलेही नाही, असे म्हणावे लागते. सालोमालोला निदान गाठता येत होते. आठवल्यांना विचारता येत होते आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत होते. येथे मात्र बोलणाराच नाही.

उर्दू काव्यशास्त्राने या क्षेत्राचे नकाशे फार बारकाईने काढले आहेत. जाणूनबुजून घेणे ते 'सरका'. दोघांना स्वतंत्रपणे तेच सुचणे ते 'तवारुद'. दुसऱ्याचा मिसरा उघडपणे आपल्या रचनेत गुंफणे ती 'तज़मीन'. तरही मुशायऱ्यात तर एकच मिसरा सर्वांना दिला जातो आणि सारे शायर त्याच जमिनीत, म्हणजे त्याच वृत्त-काफिया-रदीफमध्ये गझल बांधतात. कोणी कोणाला चोर म्हणत नाही, कारण मक्त्यात ज्याचा तखल्लुस, त्याचा शेर. नाव मात्र चुकता कामा नये. मिर्झा गालिब आरंभी 'असद' या तखल्लुसाने लिहीत. दुसऱ्या एका असदचा सुमार शेर त्यांच्या नावावर कुणी वाखाणला, आणि ते नाव त्यांना नकोसे झाले, अशी आख्यायिका मुहम्मद हुसैन आझाद यांच्या 'आब-ए-हयात' (१८८०) पासून सांगितली जाते. आपला शेर चोरीला जाण्यापेक्षा दुसऱ्याचा वाईट शेर आपल्या नावावर चिकटणे, हा अपमान गालिबना मोठा वाटला.

आवाजाच्या बाबतीत आज नेमके हेच घडते आहे. आशा भोसले यांनी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली ती त्यांचे एखादे गाणे चोरले म्हणून नव्हे. कुणाच्याही आवाजाचे रूपांतर त्यांच्या आवाजात करून देणारी साधने कंपन्यांनी बाजारात आणली होती. म्हणजे त्यांनी न गायिलेले गाणे त्यांचे होणार. २९ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात न्या. आरिफ डॉक्टर यांनी हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग मानला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनाही याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले होते. दुसरा असद आता यंत्रातून निघतो आणि तखल्लुस बदलून सुटका होत नाही. गालिबना नवे नाव घेता आले, आशाबाईंना नवा गळा कोठून आणता येणार?

याच आझादांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बहादूरशाह जफर यांच्या नावावरील पुष्कळ शायरी त्यांचे उस्ताद जौक यांची, असे आझादांनी लिहिले. स्वतः आझाद जौक यांचे शागिर्द. पुढे त्यांनीच जौक यांचा दीवान संपादित केला, तेव्हा उस्तादांच्या गझलांत शागिर्दाने आपली कलमकारी केल्याचा आक्षेप हाफिज महमूद शीरानी यांनी सप्रमाण घेतला. भक्तीपोटी केलेली ही जालसाजी. पण ती उघडकीला आली, कारण मसुदे होते, पाठभेद होते आणि ज्याला जाब विचारावा असा एक माणूस होता.

कायद्याविषयी थोडेच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने असे म्हटले आहे की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. त्या वेळी संगणक हा टंकलेखन यंत्राचा मोठा भाऊ होता. आज 'करवणारी' कोण? एक ओळ टाइप करणारा विद्यार्थी, कंपनी, की ज्यांचे लेखन यंत्रात गेले ते असंख्य लेखक? अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये थेलर खटल्यात अपील न्यायालयाने यंत्र कर्ता होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी अँथ्रोपिक या कंपनीने लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. मात्र त्या खटल्यात न्यायालयाने विकत घेतलेली पुस्तके यंत्राला वाचावयास देणे गैर मानले नव्हते, चोरट्या ग्रंथसंग्रहांतून ती उतरवून घेणे गैर मानले होते. शिवाय ती भरपाई अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद असलेल्या पुस्तकांपुरती होती. मराठी-उर्दूतील किती लेखक तेथे नोंद करतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. भारत सरकारच्या उद्योग प्रोत्साहन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सक्तीचा परवाना आणि त्यापोटी रॉयल्टी अशी योजना सुचविली. पैशाचा प्रश्न तीतून कदाचित सुटेल. नावाचा प्रश्न तीत येत नाही. २०२५ मध्येच 'रांझणा' चित्रपटाच्या तमिळ आवृत्तीचा शेवट निर्मिती कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने बदलला, तेव्हा दिग्दर्शक आनंद राय आणि अभिनेते धनुष यांनी जाहीर विरोध केला. आपल्या कायद्याने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. हक्क एकाचा, आणि त्या शेवटाबद्दल ज्यांना लोक विचारणार ते दुसरेच.

आपल्या अध्यापकांच्या दृष्टीने खरा पेच वर्गात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चढत्या पायऱ्या, अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था सालोमालोला पकडण्यासाठी आहे. साम्य मोजायचे तर मूळ ओळ कुठेतरी असावी लागते. यंत्राचे वाक्य कुणाचेच नसल्याने साम्य शून्य निघते आणि शोधनिबंध निर्दोष ठरतो. यंत्रलेखन ओळखण्याची म्हणून जी साधने मिळतात, त्यांच्या भरवशावर एखाद्या मुलीला नापास करणे प्रस्तुत लेखकाला धोक्याचे वाटते. स्वच्छ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांवर ती सहज संशय घेतात.

तिगावचे उदाहरण घेतो. पांढुर्णा-सौंसरचा हा पट्टा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर तिकडे गेले, हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. येथील मराठी घराघरांत बोलली जाते, तिच्यावर वऱ्हाडीचा आणि हिंदीचा ठसा आहे, आणि मुसलमान घरांतील उर्दूतही ती झिरपलेली आहे. येथील विद्यार्थी 'तो येऊन राह्यला', 'कायले गेला' असे बोलतो आणि कधी कधी लिहितोही. त्याचा मजकूर यंत्राकडे दिला तर 'तो येत आहे', 'कशाला गेला' होऊन परत येतो. शुद्ध, सुबक, पुण्याचा. या बोलीत छापलेले फारच थोडे असल्याने यंत्राच्या लेखी ती चूक आहे. त्यात विद्यार्थ्याची सोय नाही असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात आजवर कुणी अर्ज लिहिला नाही, त्याला चार ओळी नीट करून देणारा, न रागावणारा, रात्री अकरालाही हजर असणारा उस्ताद मिळाला आहे. आपल्यापैकी किती जणांनी तेवढी सोय दिली? गरिबाच्या मुलाला मिळालेली ही मदत 'फसवणूक' म्हणून झिडकारणे मला रुचत नाही.

पण उस्तादाच्या दुरुस्तीला उर्दूत 'इस्लाह' म्हणतात आणि तिची एक रीत होती. शागिर्द गझल पाठवी. उस्ताद त्याच कागदावर शब्द खोडून वर दुसरा लिही, आवडलेल्या शेरावर 'साद' या अक्षराची खूण करी, कधी दुरुस्तीचे कारण लिही. गालिब यांच्या पत्रांत अशी इस्लाह विखुरलेली आहे. कागद परत आला की शागिर्दाला आपली ओळ आणि उस्तादाची ओळ दोन्ही एकाखाली एक दिसत. जुनी ओळ नाहीशी होत नसे, आणि उस्तादाचा शब्द न पटला तर तो सोडून देण्याची मुभाही असे. यंत्र जुना कागदच परत देत नाही. म्हणून मी अलीकडे निबंध दोन पानांवर मागतो : डावीकडे स्वतःचा पहिला मसुदा, बोलीसकट, आणि उजवीकडे सुधारलेला, मग तो कुणाकडूनही सुधारलेला असो. गुण आहेत ते तोंडी प्रश्नांना. 'येऊन राह्यला' का काढलेस? काढल्याने काय गेले? एका विद्यार्थिनीने उत्तर दिले की 'येत आहे' म्हटले की माणूस दूर उभा दिसतो, 'येऊन राह्यला' म्हटले की पायांचा आवाज येतो. तिने तो शब्द परत डाव्या पानावरून उजवीकडे आणला. या पद्धतीला वेळ फार लागतो, साठांच्या वर्गात ती पुरती राबविणे अशक्य आहे, हे मान्य.

नाव नसलेल्या साहित्याचे काय, हा मुद्दा राहतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. जात्यावरच्या ओव्यांना नाममुद्रा नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव आणि गाव नोंदविले. जिला सातबाऱ्यावर जागा नव्हती, तिचे नाव ओवीपुढे लागले. आता हा संग्रह सर्वांसाठी खुला आहे आणि जे खुले आहे ते यंत्रही वाचू शकते. यंत्राने त्या वळणाची ओवी रचून दिली तर तीत ना बाईचे नाव असेल, ना गावाचे. रॉयल्टीची योजना उद्या अमलात आली, तरी जात्यावर बसलेल्या बाईचा वाटा कोणत्या खात्यात जमा करणार, याचा विचार तीत अद्याप कुठे दिसत नाही.

तो संग्रह महाराष्ट्रातील गावांचा आहे. तिगाव, पांढुर्णा, सौंसर या बाजूच्या म्हाताऱ्या बायांना ओव्या अजून येतात. त्यांत उर्दू बोलणाऱ्या घरांतील बायाही आहेत. आमच्या विभागाने यंदा प्रकल्पासाठी हे काम विद्यार्थ्यांना दिले आहे. अट एकच. वहीत ओवीच्या आधी गाणारीचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहायची, आणि ती छापायची की नाही हे तिला विचारून तेही लिहायचे. दोघीजणींनी आतापर्यंत नाही म्हटले आहे.